आकाशातील खुणा

रात्रीचे नऊ वाजलेले असतात. घरोघरी जेवणे उरकलेली असतात. कोणी टीव्हीसमोर बसलेले असते, कोणी गृहपाठ करत असते. इतक्यात वीज जाते. पंखा थांबतो, सगळीकडे काळोख होतो आणि महागावच्या गल्लीगल्लीतून एकच आवाज उठतो, "गेली!" मग उकाड्याने कंटाळलेली माणसे एकेक करून अंगणात येतात, गच्चीवर जातात. वीज केव्हा येईल याची चौकशी सुरू होते. कोणी मेणबत्ती शोधतो, कोणी मोबाइलचा उजेड पाडतो. अशा वेळी एखादा लहान मुलगा सहज मान वर करतो आणि ओरडतो, "अम्मी, बघ किती तारे!"

विद्यार्थी मित्रांनो, हे तारे काही वीज गेल्यावर उगवत नाहीत. ते आधीपासून तिथेच असतात. आपणच त्यांच्याकडे पाहत नसतो. थोड्या वेळाने वीज येते, सगळे आनंदाने घरात जातात आणि आकाश पुन्हा एकटे राहते. मला या गोष्टीचे नेहमी वाईट वाटते. तुम्हांलाही ते वाटावे, म्हणून हा लेख मी लिहीत आहे.

आपले महागाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गावातून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो. रात्रभर त्यावरून ट्रकचे दिवे धावत असतात. बाजारात, चौकात, दुकानांवर दिव्यांचा झगमगाट असतो. पण गाव सोडून शेताच्या वाटेने थोडे पुढे गेले की अजून खरी रात्र भेटते. दोन्ही बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन आणि वर ताऱ्यांनी भरलेले आकाश. रानडुकरे आणि रोही पीक खाऊन जातात, म्हणून आपल्याकडचे शेतकरी रात्री शेतात जागलीला जातात. कधी पंपाला रात्रीची वीज असते, तर हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायला मध्यरात्री उठतात. हा शेतकरी पुस्तकातून खगोलशास्त्र शिकलेला नसेल. पण मृग नक्षत्रातील तीन तारे, म्हणजे तिकांडे, कोठवर आले हे पाहून तो रात्र किती उरली ते सांगू शकतो. सप्तर्षींच्या चार ताऱ्यांना आपल्या जुन्या माणसांनी म्हातारीची खाट म्हटले आणि मागच्या तीन ताऱ्यांना ती पळवायला आलेले चोर ठरवले. ज्यांच्या घरी घड्याळ नव्हते, त्यांनी आकाशाला घड्याळ केले होते.

शेतकऱ्याचे पंचांगही आकाशातच आहे. दरवर्षी ७ किंवा ८ जूनला मृग लागला असे आपण म्हणतो आणि पेरणीची तयारी सुरू होते. मृग लागतो म्हणजे काय होते? सूर्य आकाशात मृग नक्षत्राजवळ येतो. त्यामुळे त्या दिवसांत मृगाचे तारे आपल्याला दिसत नाहीत. ते सूर्याबरोबर उगवतात आणि सूर्याबरोबर मावळतात. मृग पाहायचा तर हिवाळ्यात पाहावा. जे नक्षत्र पाऊस आणते असे आपण समजतो, ते पाऊस पडताना डोळ्यांना दिसतही नाही! हे कळले की आपल्या जुन्या लोकांच्या निरीक्षणाचे कौतुक वाटते. न दिसणाऱ्या ताऱ्यांजवळ सूर्य आला आहे, हे त्यांनी हिशेबाने ओळखले होते.

आता तुमच्या वर्गाकडे पाहा. वर्गात एखादी सुरैया असेल, एखादी परवीन असेल. एखादा सुहैल असेल, एखादा तारिक असेल. ही सगळी आकाशातील नावे आहेत. सुरैया म्हणजे कृत्तिका, तो हिवाळ्यात डोक्यावर दिसणारा ताऱ्यांचा लहानसा पुंजका. परवीन हे त्याच पुंजक्याचे फारसी नाव. सुहैल म्हणजे मराठीतील अगस्त्य. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास महागावातून दक्षिणेकडे पाहा. क्षितिजापासून फार उंच नाही, असा एक ठळक तारा दिसेल. तोच सुहैल. तारिक म्हणजे रात्री येणारा. तुमच्या शेजारच्या मराठी शाळेत रोहिणी असेल, ध्रुव असेल, श्रवण असेल. रोहिणीला अरबीत अल-दबरान म्हणतात आणि जगभरच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकांत ताऱ्याचे तेच नाव छापलेले असते. आपण आकाशगंगा म्हणतो, उर्दूत कहकशां म्हणतात. नावे दोन असली तरी आकाश एकच आहे, आणि ते कोणत्याही एका भाषेच्या मालकीचे नाही.

चंद्राचेही असेच आहे. रमजानचा महिना चंद्र पाहून सुरू होतो आणि ईदही चंद्र पाहूनच होते. गुढीपाडवा, पोळा, दिवाळी हेही चंद्रावरच ठरतात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. मराठी पंचांगात साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून हा फरक भरून काढतात. त्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. हिजरी वर्षात असा महिना घालत नाहीत, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात, तर कधी कडाक्याच्या थंडीत. दोन समाज, हिशेबाच्या दोन पद्धती; पण दोघांच्या नजरा त्याच एका चंद्रकोरीकडे लागलेल्या असतात.

मित्रांनो, तुम्ही 'आयत' हा शब्द रोज ऐकता. कुरआनातील वाक्याला आयत म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'खूण' असा आहे. आकाश आणि पृथ्वी यांच्या निर्मितीत, रात्र आणि दिवस यांच्या एकामागून एक येण्यात विचार करणाऱ्या लोकांसाठी खुणा आहेत, असे कुरआनात सांगितले आहे. म्हणजे पुस्तकातील वाक्य ही जशी आयत, तशी आकाशातील चांदणी हीसुद्धा एक आयतच. कुरआनातील सूरहची नावेच पाहा: नज्म म्हणजे तारा, कमर म्हणजे चंद्र, शम्स म्हणजे सूर्य. सूरह नज्ममध्ये तर 'शिअरा' या ताऱ्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. मराठीत आपण त्याला व्याध म्हणतो. रात्रीच्या आकाशातील हा सर्वांत तेजस्वी तारा.

पण खूण नुसती असून भागत नाही. ती वाचावी लागते. आणि वाचायला शिकावे लागते. माझे म्हणणे एवढेच आहे की, आकाशात ईश्वराचा महिमा पाहायचा असेल तर नुसते "वा! सुंदर!" म्हणून थांबू नये. आपण काय पाहत आहोत ते समजून घ्यावे. जितके समजते तितका महिमा मोठा दिसू लागतो.

एक उदाहरण घेऊ. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. चंद्रावरून आपल्यापर्यंत यायला त्याला सव्वा सेकंद लागतो. सूर्यापासून यायला सुमारे आठ मिनिटे लागतात. व्याधाचा प्रकाश मात्र साडेआठ वर्षांहून अधिक काळ प्रवास करून येतो. श्रवण ताऱ्याचा प्रकाश सुमारे सतरा वर्षे वाटेत असतो. म्हणजे तुम्ही आज श्रवण पाहाल, तेव्हा तुमच्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश तुमच्या जन्माच्याही आधी निघालेला असेल. रोहिणीचा प्रकाश सुमारे ६५ वर्षांपूर्वीचा, तुमचे आजोबा लहान होते तेव्हाचा. आणि सुरैयाचा, म्हणजे कृत्तिकांचा? तो सुमारे ४४० वर्षांपूर्वी निघाला. तेव्हा अकबर बादशहा राज्य करीत होता. बादशहा गेले, राज्ये गेली आणि तो प्रकाश न थांबता, न चुकता आज महागावच्या एका गच्चीवर उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांपर्यंत पोहोचला. हे माहीत नसताना कृत्तिका सुंदर दिसतात. हे कळल्यावर मात्र त्यांच्याकडे पाहताना माणूस आपोआप गप्प होतो.

आपल्या आधीच्या लोकांनी हे वाचन मोठ्या कष्टाने केले. अब्दुर्रहमान अल-सूफी या फारसी विद्वानाने दहाव्या शतकात ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. देवयानी तारकासमूहात एक लहानसा ढग दिसतो, असे त्याने त्यात नोंदवले. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी एक प्रचंड दीर्घिका आहे आणि तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून येतो, हे आज आपल्याला माहीत आहे. नोव्हेंबरच्या अंधाऱ्या रात्री तो पुसटसा ढग शेतातून नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. अल-बिरूनी हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि इथल्या ज्योतिर्गणिताविषयी त्याने आदराने लिहिले. समरकंदचा राजपुत्र उलुग बेग याने पंधराव्या शतकात मोठी वेधशाळा बांधली आणि हजाराहून अधिक ताऱ्यांची स्थाने मोजली. आपल्या देशात आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच ग्रहणे सावलीमुळे होतात, असे लिहून ठेवले होते. नमाजाच्या वेळा, किब्ल्याची दिशा, सणांच्या तिथी, यज्ञाचे मुहूर्त हे सर्व बिनचूक ठरावे, म्हणूनही लोक आकाश मोजू लागले. श्रद्धेनेच त्यांच्या हातात मोजपट्टी दिली होती.

आकाशाकडे पाहताना दोन चुका होतात. त्या तुम्ही करू नयेत, असे मला वाटते.

पहिली चूक भीतीची. कोणताही तारा वाईट नसतो, कोणतेही ग्रहण आपला सूड घ्यायला येत नाही. तरी अजून ग्रहणाच्या दिवशी घाबरून घरे बंद करणारी माणसे आहेत. हजरत मुहम्मद पैगंबरांचा लहान मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या मुलाच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. दुःखात असलेल्या बापाला हे ऐकून बरे वाटले असते. पण पैगंबरांनी लोकांना समजावले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या खुणा आहेत. कोणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. स्वतःच्या मुलाच्या मृत्यूच्या दिवशीही त्यांनी खोट्या समजुतीला थारा दिला नाही. आपण ही गोष्ट विसरता कामा नये.

आपल्या विदर्भातील अलीकडचीच एक घटना सांगतो. २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सकाळी घराघरांवर गुढ्या उभ्या राहिल्या होत्या आणि संध्याकाळी मुस्लिम बांधव रमजानच्या चंद्राची वाट पाहत होते. दुसऱ्या दिवशी पहिला रोजा होता. काळोख पडल्यावर विदर्भात अनेक ठिकाणी लोकांना आकाशात जळत जाणाऱ्या तेजस्वी रेषा दिसल्या. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले विमान पेटले, कोणी म्हणाले संकट आले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे पडलेले सापडले. ते अग्निबाणाचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. माणसाने आकाशात पाठवलेली वस्तू परत येताना जळत होती, एवढेच ते संकट. पाहा, एकाच संध्याकाळी एकाच आकाशात कोवळी चंद्रकोरही होती आणि माणसाने केलेला कचराही होता. ज्याला आकाश वाचता येते, त्यालाच यातील फरक कळतो. ज्याला वाचता येत नाही, तो दोन्हींना घाबरतो.

दुसरी चूक याच्या उलट आहे. थोडे विज्ञान शिकले की काही जण म्हणतात, "तारा म्हणजे काय, जळता वायू! त्यात कसला आला महिमा?" तारा हा तप्त वायूचा गोळा आहे, हे अगदी खरे. पण आई म्हणजे हाडामांसाचे शरीर, हेही खरेच आहे. तेवढे सांगितले म्हणजे आई कळली असे कोणी म्हणेल काय? सगळेच शास्त्रज्ञ देव मानतात असे नाही, आणि त्यासाठी कोणावर सक्तीही करता येत नाही. पण आकाशापुढे उभे राहून ज्याला नम्र व्हावेसे वाटले नाही, त्याने ते नीट पाहिलेच नाही, असे मला वाटते. आपल्या आकाशगंगेत दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. त्यांपैकी स्वच्छ, अंधाऱ्या रात्री आपल्या डोळ्यांना एका वेळी दोन-तीन हजारच दिसतात. जेवढे दिसते तेवढ्यानेच आपण थक्क होतो. मग न दिसणारे किती असेल!

कुरआनात हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम यांची कथा आहे. रात्री त्यांनी एक तारा पाहिला आणि हाच माझा पालनकर्ता, असे ते म्हणाले. तारा मावळला. मग चंद्र दिसला, तोही मावळला. मग सूर्य उगवला, सर्वांहून मोठा आणि तेजस्वी. संध्याकाळी तोही मावळला. तेव्हा जे मावळते ते सोडून, ज्याने हे सर्व निर्माण केले त्याच्याकडे त्यांनी आपले तोंड वळवले. या कथेत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. इब्राहीम निर्मात्यापर्यंत पोहोचले ते डोळे मिटून नव्हे. त्यांनी पाहिले, वाट पाहिली, विचार केला, चूक वाटली ती सोडली आणि पुन्हा पाहिले. चांगला विद्यार्थीही असेच करतो.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. हे आकाशाचे पुस्तक आपण हळूहळू झाकून टाकत आहोत. शहरांत तर ते जवळजवळ दिसेनासेच झाले आहे. मुंबईत वाढलेल्या अनेक मुलांनी आकाशगंगा एकदाही पाहिलेली नाही. कारण साधे आहे. दिव्याचा जो उजेड खाली पडायला हवा, तो आपण वर आणि आजूबाजूला उधळतो. तो हवेतील धुळीवर आणि बाष्पावर पसरतो, आकाश पांढुरके होते आणि मंद तारे त्यात बुडून जातात. असा उजेड कोणाच्याच उपयोगाचा नसतो. त्यात वीज आणि पैसा वाया जातो आणि दिव्याभोवती फिरफिरून असंख्य कीटक मरतात ते वेगळेच.

मी दिव्यांच्या विरुद्ध नाही. रात्री क्लासवरून घरी येणाऱ्या मुलीला रस्त्यावर दिवा हवाच. साप-विंचवाच्या वाटेने जाणाऱ्या शेतकऱ्याला बॅटरी हवीच. तुम्हांला अभ्यासाला उजेड हवाच. पण दिवा जिथे हवा तिथे पडावा आणि काम झाले की विझावा. हे शक्य आहे, आणि आपल्या विदर्भातच ते झाले आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे अंधारे आकाश जपणारे उद्यान, असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यासाठी काय केले? वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या जवळच्या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून खाली उजेड पाडणारे दिवे बसवले. गावे अंधारात बुडाली नाहीत. रस्त्यावर उजेड राहिला आणि वर तारेही राहिले. जे पेंचच्या गावांना जमले, ते महागावच्या गल्लीला का जमू नये?

याची सुरुवात तुम्ही करू शकता. अंगणातील उघड्या बल्बला वरून एक साधी पत्र्याची टोपी लावा. गच्चीवरचा दिवा झोपण्यापूर्वी बंद करा. मशिदीची, मंदिराची, शाळेची रोषणाई सणाच्या दिवशी जरूर करावी. पण मध्यरात्रीनंतर ती विझवा, असे मोठ्यांना आदराने सांगा.

आणि आठवड्यातून एक रात्र तरी आकाश पाहा. अमावास्येच्या आसपासची रात्र त्यासाठी चांगली. मोबाइल घरात ठेवा, कारण काळोखाची सवय व्हायला डोळ्यांना पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका उजेडाने ती मोडते. आधी उत्तरेकडे तोंड करा. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवा. क्षितिजापासून दोन मुठी वर एकटा, फारसा तेजस्वी नसलेला एक तारा दिसेल. तो ध्रुव, तुमचा कुतुबतारा. तो दोन मुठींवर, म्हणजे सुमारे वीस अंशांवर दिसतो, कारण महागावचे अक्षांशही सुमारे वीसच आहेत. आपण पृथ्वीवर कोठे उभे आहोत, हे तो तारा तुम्हांला रोज सांगत असतो. कोणी विचारले नाही तरी सांगत असतो.

मग वहीत तारीख लिहा आणि काय दिसले ते लिहा. चूक झाली तर खोडा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहा. आजोबांना विचारा, नानीला विचारा; त्यांना ठाऊक असलेली ताऱ्यांची नावे आणि गोष्टी लिहून घ्या. तुमच्या मराठी शाळेतील मित्रालाही बोलवा. तो तिकांडे दाखवील, तुम्ही सुहैल दाखवा.

पुढच्या वेळी महागावची वीज जाईल तेव्हा सगळे म्हणतील, "गेली!" तुम्ही मात्र घरच्यांना हाताला धरून गच्चीवर न्या आणि म्हणा, "जरा वर बघा." आणि वीज परत आली, तरी लगेच खाली उतरू नका.